हँडल लॉकच्या भरवशावर गाडी ठेवू नका

प्रश्न नाशिकच्या सिडकोतल्या एका तरुणाचा आहे. सातपूरच्या कारखान्यात तो पाळीने काम करतो. तीन वर्षं वापरलेली त्याची स्प्लेंडर सोसायटीच्या पार्किंगमधून एका रात्रीत गेली. हँडल लॉक केलेलं होतं. विम्याची पॉलिसी पाच वर्षांची होती, तरी कंपनीने पैसे द्यायला नकार दिला. आता हप्त्यांवर नवी गाडी घेतोय आणि विचारतोय, कुलूप कोणतं घेऊ, जीपीएस बसवू का, आणि मागच्या वेळी माझं नेमकं काय चुकलं?

पंचवटीत माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. २६ वर्षं झाली. चोरीला जाऊन परत मिळालेल्या गाड्या दुरुस्तीला येतात, त्यामुळे चोराच्या हाताचं काम मला जवळून पाहायला मिळतं. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

हँडल लॉक केलं म्हणजे गाडीला कुलूप लागलं, असं आपण सगळेच धरून चालतो. लॉकसेट खोलून हातात घेतला तर आत काय असतं ते पाहा. करंगळीच्या टोकाएवढी एक पिन. चावी फिरवली की ती पुढे सरकते आणि हँडलच्या दांड्याजवळच्या खाचेत जाऊन बसते. तिच्याभोवतीचा भाग ओतीव, हलका आणि ठिसूळ. आता हँडलची लांबी डोळ्यांसमोर आणा. लांब पहारीने मोठा दगड हलतो, तसं त्या हँडलवर अंगाचं वजन पडलं की पिन तरी मोडते, नाहीतर तिचं घर तरी फुटतं. माझ्या गॅरेजच्या फळीवर एक बरणी आहे. सापडून आलेल्या गाड्यांतून निघालेल्या मोडक्या पिना मी तिच्यात टाकत आलोय. गिऱ्हाईक म्हणालं की "मी लॉक करतो ना", की मी ती बरणी त्याच्या हातावर उपडी करतो. एवढीशी ती पिन बघून माणूस गप्प होतो.

म्हणजे हँडल लॉक करूच नका का? करा, न चुकता करा. पण ते पहिलं दार समजा. तुमच्या गाडीला त्याच्यापुढे दुसरं दार नव्हतं, एवढंच तुमचं चुकलं.

दुसरी गोष्ट चावीची, आणि याबद्दल कोणी सांगत नाही म्हणून मी जरा जास्त बोलणार आहे. मागच्या वर्षी मखमलाबादचे एक दूधवाले काका आले. गाडी चालू होती आणि चावी त्यांच्या खिशात. "चावी काढली तरी गाडी बंद पडत नाही," ते कौतुकाने सांगत होते. मी गाडी बंद केली, ड्रॉवरमधून माझ्या लोखंडी कपाटाची चावी काढली आणि त्यांच्या गाडीच्या लॉकमध्ये घातली. जरा हलवली, फिरली. दिवा लागला. काकांचा चेहरा उतरला. बारा वर्षं रोज पन्नास वेळा चावी घालून-काढून आतल्या पितळी पट्ट्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. अशी गाडी उघडायला कसलंही कसब लागत नाही. वर्तमानपत्रात आपण वाचतो, "बनावट चावीच्या साह्याने दुचाकी लंपास". त्यातल्या किती चाव्या खरोखर बनवलेल्या असतील कोण जाणे. झिजलेल्या लॉकला झिजलेली कुठलीही चावी चालते.

म्हणून ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी आज एवढं करावं. गाडी चालू असताना चावी हलकेच ओढून बघा. निघून आली तर लॉकसेट बदला. साध्या गाडीचा लॉकसेट हजार-बाराशेच्या आत-बाहेर मिळतो, बसवायला तास पुरतो, आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकणही त्याच चावीचं मिळतं. डुप्लिकेट करायची असेल तर रोजच्या चावीवरून कधीच करू नका. चावीवाला जशी चावी देऊ तशी नक्कल करतो, म्हणजे झीजही नकलेत उतरते. घरात ठेवलेली दुसरी, न वापरलेली चावी त्याच्याकडे न्या. लॉक जड चालतं म्हणून त्यात इंजिन ऑइल सोडणारे आहेत. तेल धूळ धरतं आणि महिन्याभरात लॉक पहिल्यापेक्षा घट्ट होतं. पेन्सिलच्या शिशाची बारीक पूड चावीला लावून दोन-चार वेळा फिरवा, मोकळं होतं.

तुमची साधी स्प्लेंडरच का नेली, पलीकडे महागडी गाडी उभी असताना, असंही तुम्ही लिहिलंय. साधी होती म्हणूनच नेली. ज्या गाड्या रस्त्यावर हजारोंनी आहेत त्या गर्दीत मिसळून जातात. कोणी मान वळवून बघत नाही. त्यांचे सुटे भागही लगेच खपतात. टाकी, चाकं, कार्बोरेटर, सायलेन्सर, सगळ्याला गिऱ्हाईक असतं. काही गाड्या तर विकायला नेतच नाहीत. कुठेतरी जायला म्हणून उचलतात, पेट्रोल संपलं की सोडून देतात. महागड्या गाडीचा चोर वेगळा असतो, तो आधी दोन दिवस पाळत ठेवतो.

जागांबद्दल थोडं सांगतो, कारण कुलपापेक्षा गाडी कुठे लावता यावर जास्त अवलंबून असतं. चोराला दोन गोष्टी कळायला हव्या असतात. मालक कधी परत येणार, आणि गाडीपाशी दुसरं कोणी उभं राहिलं तर लोकांना खटकणार का. नाशिकरोड स्टेशनबाहेर सकाळी गाडी लावून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलेला माणूस रात्रीशिवाय परतत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. तिथे चार पैसे वाचवण्यासाठी भिंतीकडेला गाडी लावू नका, पावती देणाऱ्या पार्किंगमध्येच लावा आणि ती पावती खिशात ठेवा, गाडीच्या डिकीत नको. सिव्हिल हॉस्पिटलचं आवार, सीबीएस आणि ठक्कर बाजार या बसस्थानकांचा परिसर, गोदाकाठचा बुधवारचा बाजार, लग्नसराईत लॉन्सबाहेरच्या रांगा, इथे कोणीही कोणाच्याही गाडीवर बसलं तरी कोणाला काही वाटत नाही. रुग्णाला घेऊन आलेल्या माणसाचं तर गाडीकडे लक्षच नसतं, चावी तशीच राहते. अशांच्या गाड्या गेल्या की मला फार वाईट वाटतं, कारण त्या वेळी त्या माणसाच्या डोक्यावर आधीच डोंगर असतो.

पण सगळ्यात जास्त बेसावध आपण घरच्या पार्किंगमध्ये असतो. गेट आहे, वॉचमन आहे, कॅमेरा आहे, म्हणून बाहेर लावलेलं कुलूप घरी आल्यावर लावत नाही. कॅमेऱ्यात चोर दिसतो, अडत नाही. तोंडाला रुमाल बांधलेला असेल तर नीट दिसतही नाही. तुमच्यासारख्या पाळीच्या माणसाचं वेळापत्रक तर बाहेरच्याला चार दिवसांत कळतं. मळ्यातली गोष्टही तीच. दिंडोरी, निफाडकडचे द्राक्षवाले बांधावर गाडी लावतात, चावी गाडीलाच, आणि आत फवारणीला जातात. तिथे ओरडलं तरी ऐकायला कोण आहे? आणि २०२६-२७ चा सिंहस्थ आलाच आहे. गावात गर्दी वाढली की गाड्या लांब लावाव्या लागतील, अनोळखी जागी, तासन् तास. त्याआधी आपली कुलपं ठीक करून घेतलेली बरी.

आता कुलूप. दुकानात गेलात की दहा प्रकार समोर ठेवतील. माझं मत सरळ आहे. नव्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक असेल तर डिस्क लॉक घ्या, आणि घरी रात्रीसाठी जाड साखळी. डिस्क लॉक छोटं, खिशात मावणारं, पण गाडी ढकलत नेताच येत नाही म्हणून कामाचं. घेताना पिनची जाडी आणि डिस्कची भोकं जुळतात का ते आपल्या गाडीवर लावूनच बघा, दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नका. त्याच्यासोबत नारंगी किंवा पिवळी गुंडाळी दोरी मिळते, तिचं दुसरं टोक हँडलला अडकवायचं. ही दोरी लोक पहिल्या दिवशी काढून फेकतात. फेकू नका. कुलूप लागलंय हे विसरून गाडी पुढे घेतली की ते कॅलिपरवर, म्हणजे डिस्कला पकडणाऱ्या ब्रेकच्या भागावर, आपटतं, डिस्क वाकते आणि माणूस जागेवर पडतो. माझ्याकडे त्यापायी वाकलेल्या डिस्क येतात. एका मुलीचं मनगट असंच मोडलं, शाळेसमोर, उभ्या गाडीवरून पडून.

तुमच्या आधीच्या गाडीसारखा ड्रम ब्रेक असेल तर डिस्क लॉक बसत नाही. तिथे साखळी किंवा यू आकाराचं कुलूप. साखळी मागच्या चाकातून घालून चिमट्याला, म्हणजे चाक धरणाऱ्या मागच्या फोर्कला, वेढा द्या. पुढच्या चाकातून सैल घातलेली साखळी दिसते मोठी, काम थोडं करते. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, साखळी जमिनीवर पडू देऊ नका. फरशीवर पडलेल्या कडीवर हातोडा नीट बसतो, कटरचं एक टोक जमिनीला टेकवून वर अख्खं वजन देता येतं. तीच कडी हवेत, चाकाच्या मध्याइतक्या उंचीवर ताणलेली असेल तर कटर धरायलाच अवघड जातं. कुलपाचं चावीचं तोंड खाली ठेवा, पाऊस आणि धूळ आत जात नाही.

प्लास्टिकचं आवरण असलेली बारीक तारेची केबल मात्र घेऊ नका. हेल्मेट अडकवायला ठीक आहे, गाडीला नाही.

घरी साखळी कशाला बांधायची हा खरा प्रश्न. चाक अडकलेली गाडीसुद्धा दोघे-तिघे उचलून टेम्पोत घालू शकतात, साध्या गाडीचं वजन ११०-११५ किलोच्या आसपास असतं. म्हणून पार्किंगच्या खांबाला किंवा फरशीला बांधता आली तर उत्तम. काँक्रीटमध्ये अँकर फास्टनर ठोकून जाड लोखंडी कडी बसवता येते. सोसायटीतल्या पाच-सहा जणांनी मिळून केलं तर प्रत्येकी खर्च किरकोळ येतो. कडी बसत नसेल तर दोन शेजाऱ्यांनी आपल्या गाड्या एकाच साखळीत घ्या. अडचण अशी की सकाळी दोघांच्या वेळा जुळाव्या लागतात. माझ्या चाळीत आम्ही हे चार वर्षं केलं, भांडण एकदाही झालं नाही.

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीवाल्यांसाठी एक बिनखर्ची उपाय आहे. गाडी लावताना पेट्रोलचा कॉक बंद करा. चोराने गाडी डायरेक्ट करून चालू केली तरी कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल संपलं की अर्ध्या-एक किलोमीटरवर ती बंद पडते. घाबरलेला माणूस कॉक शोधत बसत नाही, सोडून पळतो. नाशिकमध्ये अशा पुढच्या चौकात सापडलेल्या गाड्या मी स्वतः आणल्यात. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या आहेत, त्यांना हा कॉक नसतो, त्यामुळे तुमच्या नव्या गाडीला हे लागू नाही.

छुपा स्विच बसवून द्या म्हणणारे बरेच येतात. जुन्या गाडीत मी बसवून देतो. नव्या गाडीत वायरिंग कापायला मी नाही म्हणतो. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, आणि सेन्सर असतात, रस्त्यावरच्या माणसाने एक जोड ढिला सोडला तर गाडी कुठेही बंद पडते, वायर तापून जळतेही, आणि वॉरंटी हातची जाते. काही लावायचंच असेल तर मूळ कनेक्टरमध्ये बसणारं, वायर न कापता लागणारं घ्या.

जीपीएसचं असं आहे. ते चोरी थांबवत नाही, झाल्यावर शोधायला मदत करतं. गाडी महाग असेल, किंवा पोटाचा धंदा गाडीवर असेल तर घ्या. घेताना त्यात स्वतःची छोटी बॅटरी आहे का ते विचारा, नाहीतर गाडीच्या बॅटरीची वायर काढली की ते मुकं होतं. दरवर्षी सिमचं रिचार्ज भरावं लागतं, बरेच जण दुसऱ्या वर्षी भरतच नाहीत आणि गाडी गेल्यावर आठवतं. साध्या गाडीची बॅटरी लहान असते, गावाला जाऊन पंधरा-वीस दिवस गाडी उभी ठेवलीत तर ट्रॅकर ती उतरवू शकतो. ब्लूटूथचा छोटा टॅग स्वस्त पडतो, पण आसपास दुसऱ्या कोणाचा फोन असेल तरच तो जागा कळवतो. शिवाय अनोळखी टॅग सोबत फिरतोय अशी सूचना चोराच्या फोनवरही जाऊ शकते. काहीही लावलंत तरी कुठे लावलंय ते मित्रांनाही दाखवू नका. आणि मोबाइलवर ठिपका दिसला म्हणून दोन मित्र घेऊन त्या जागी जाऊ नका. ठिपका पोलिसांना दाखवा. गाडी लाखाची असेल, जीव तुमचा आहे.

यापुढचं मी माझ्या चुकीतून शिकलो ते सांगतो. २०११ च्या पावसाळ्यात एका शाळेतल्या शिपाईमामांची गाडी माझ्याकडे होती. दिवेलागणीला ट्रायल घेऊन आलो, गाडी दारात लावली, चावी तशीच ठेवून आत पाना आणायला गेलो. बाहेर आलो तर गाडी नाही. पाऊस पडत होता, गाडी उभी होती तेवढी जागा अजून कोरडी होती. मामांना सांगायला त्यांच्या घरी गेलो तेव्हा पाय उचलत नव्हते. नवी गाडी त्यांना परवडणारी नव्हती. मी माझी गाडी त्यांना दिली आणि काही महिने सायकलवर आलो-गेलो.

दिवाळीनंतर गाडी सापडली. टाकी दुसऱ्याच रंगाची, नंबर प्लेट दुसरीच, हँडलखाली मानेवरच्या चेसिस नंबरवर कानस फिरवलेली. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ओळखलीच नाही. मग खाली बसलो आणि डाव्या फुटरेस्टच्या मागे बोट घातलं. तिथे मी स्वतः मारलेलं वेल्डिंग होतं, टोकाला थोडं ओघळलेलं. बोटाला तो ओघळ लागला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इंजिन नंबर शाबूत होता, तो आरसीशी जुळला आणि गाडी मामांना परत मिळाली. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, गाडीवर दोन-तीन लपलेल्या जागी स्वतःची खूण करा. सीटखालच्या पत्र्यावर, साइड कव्हरच्या आत, नाव कोरा, मोबाइल नंबर कोरा, नाहीतर तीन टिंबं कोरा. त्यांचे फोटो काढून ठेवा, सोबत चेसिस आणि इंजिन नंबरचेही. कानस मारली म्हणजे नंबर कायमचा गेला असंही समजू नका. नंबर ठोकताना खालचा धातू दबलेला असतो, वरचा थर घासला तरी आम्लाची प्रक्रिया केली की आकडे पुष्कळदा पुन्हा दिसतात. हे काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत होतं.

आता विमा. इथे तुम्ही फसलात, आणि तुमच्यासारखे खूप जण फसतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई. गाडी चोरीला गेली तर त्यातून एक रुपया मिळत नाही. चोरीसाठी ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या नुकसानीचा विमा लागतो, आणि तो शोरूममधून बहुधा एकाच वर्षाचा दिलेला असतो. दोन्ही एकाच कागदावर छापलेले असतात. माणूस "पाच वर्षं" एवढंच वाचतो आणि निर्धास्त होतो. तुमची गाडी तीन वर्षांनी गेली, तेव्हा ओन डॅमेज संपून दोन वर्षं झाली होती. नव्या गाडीच्या पॉलिसीवर ओन डॅमेज कधी संपतो ती तारीख लाल पेनने गोल करा आणि दरवर्षी भरा.

पैसे किती मिळतात तेही समजून घ्या. पॉलिसीवर आयडीव्ही नावाचा आकडा असतो, चोरीत तोच धरतात. गाडी जुनी होईल तसा तो उतरतो. सहा महिने ते एक वर्षाच्या गाडीला १५ टक्के घट, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५०. म्हणजे ८० हजारांची गाडी तिसऱ्या वर्षात गेली तर साधारण ५६ हजार. हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून एजंट आयडीव्ही कमी दाखवतो, त्याला हो म्हणू नका.

दावा करताना कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एकच असली की प्रश्न सुरू होतात, चावी गाडीला होती का, तुम्ही वाजवी काळजी घेतली का. म्हणून दुसरी चावी बिलासोबत घरात ठेवा. काही लोक ती सीटखालच्या खणात ठेवतात, गाडीसोबत तीही जाते. मूळ आरसीही डिकीत नको, पोलिसांना दाखवायला डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली चालते.

गाडी गेलीच तर पहिल्या तासात काय करायचं? आधी वाहतूक शाखेने उचलली नाही ना, आणि हप्ते थकले असतील तर वित्त कंपनीने नेली नाही ना, हे विचारून घ्या. नसेल तर ११२ ला फोन करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन एफआयआर नोंदवा. नुसता तक्रार अर्ज देऊन, त्यावर शिक्का घेऊन परत येऊ नका, विम्याला तो चालत नाही. १ जुलै २०२४ पासून चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली लागतो. हद्द कोणाची हा प्रश्न आला तर सांगा की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. ऑनलाइन माहिती दिली असेल तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. पोलिसांकडे लगेच गेलेल्या माणसाचा दावा, केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय, तरी उशीर करूच नका. पेठ रोडच्या आरटीओत अर्ज देऊन नोंदीवर चोरीची खूण करून घ्या, म्हणजे कोणी गाडी दुसऱ्याच्या नावावर चढवू शकणार नाही. आसपासच्या दुकानदारांना हात जोडून कॅमेऱ्याचं चित्रण मागा, ते काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.

आणि ई-चलन तपासत राहा. चोराने सिग्नल तोडला की दंड तुमच्या नावावर येतो, पण सोबत फोटो, जागा आणि वेळही येते. असा फोटो आला तर तो घेऊन तपास अधिकाऱ्याकडे जा.

तपास होऊनही गाडी मिळाली नाही तर पोलीस न्यायालयात "अ समरी" पाठवतात. गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, असा त्याचा अर्थ. तो कागद मिळेपर्यंत विम्याचा दावा पूर्ण होत नाही, आणि याला महिने लागतात. तोवर कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. गाडी नाही म्हणून हप्ते बंद करणाऱ्यांची पत बिघडते. गाडीवर कर्ज असेल तर विम्याचे पैसेही आधी वित्त कंपनीकडे जातात, उरले तर तुमच्याकडे. गाडी सापडली तर न्यायालयात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे न्यायालय मागेल तेव्हा गाडी हजर करण्याच्या लेखी हमीवर, ती परत घेता येते. ठाण्यांच्या आवारात गंजत पडलेल्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांतल्या कित्येकांचे मालक पुन्हा विचारायलाच गेलेले नसतात. महिन्यातून एकदा जाऊन या, तपास अधिकारी बदललेला असेल तर नव्याला भेटा.

जुनी गाडी घ्यायचा विचार मनात आलाच असेल, तर भाव फार कमी आणि "कागद नंतर देतो" असं म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही गुन्हा आहे. चेसिस नंबर स्वतः वाकून बघा, आकड्यांची ओळ वाकडी किंवा जागा घासलेली दिसली तर उठून चालू लागा. नंबर प्लेटच्या न निघणाऱ्या रिव्हेट्स आहेत का तेही पाहा. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना नव्या असतानाच अशी उच्च सुरक्षा प्लेट (एचएसआरपी) लावून मिळते, तिथे साधे स्क्रू दिसले तर विचारायला हवं.

डिलिव्हरी घ्यायला शोरूममध्ये जाल तेव्हा दोन्ही चाव्या मोजून घ्या आणि दोन्ही लॉकमध्ये फिरवून बघा. चेसिस नंबरवर पातळ कागद धरून पेन्सिल घासा, ठसा उमटेल, तो बिलाला टाचून ठेवा. पार्किंगमध्ये कडी बसवायची असेल तर आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, कारण फरशी सगळ्यांची आहे, आणि खाली पाण्याची टाकी किंवा पाइप गेलाय का तेही त्यांनाच माहीत असतं. परवानगी मिळाली की १२ मिलिमीटरचे चार फास्टनर आणि हातातलं ड्रिल मशीन, अर्ध्या तासाचं काम आहे.